आधी माणसं मोजा, मग मंडप बघा

ताई,
मी निफाड तालुक्यातली. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दिवाळीनंतर माझी सुपारी फुटली. लग्न एप्रिलअखेर, द्राक्षबागेतला माल निघून गेल्यावर. खर्च दोन्हीकडे निम्मा-निम्मा ठरलाय. बाबा म्हणाले, "शहरात राहतेस, तुला कळतं, तुझं तू बघ." मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर लग्नाच्या एका प्रदर्शनाला गेले होते. तिथे मेकअपच्या स्टॉलवर "आजच बुक केलं तर वीस टक्के कमी" म्हणाले, आणि मी पाच हजार रुपये भरून आले. घरी अजून सांगितलेलं नाही. आता जानेवारीत त्याहून मोठं प्रदर्शन आहे. होणाऱ्या नणंदबाई म्हणतात, आपण दोघी जाऊ आणि लॉन्स, डेकोरेशन, फोटो सगळं एका दिवसात उरकून टाकू, कुंभमेळ्यामुळे पुढे काही मिळणार नाही. मला जायचंय, पण पोटात गोळा येतो. जाऊ की नको?
– एक नवरी, निफाड तालुका

जा गं. हौसेनं जा. फक्त इसाराचे पैसे घरी ठेवून जा.

मी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरची प्रदर्शनं पाहिली आहेत, त्र्यंबक रोडच्या ठक्कर डोममधलीही. एरवी पाच-सहा रविवार मोडले असते ते एका दुपारी बघून होतं, हे खरंच आहे. कोणत्या कामाचा काय दर चाललाय, कोण नीट बोलतं, कोण उत्तर टाळतं, आपल्याला काय आवडतं आणि कशाने डोळे दिपतात, सगळं समजतं. पण तिथे पाय ठेवल्यावर प्रत्येक स्टॉलवर तुला दोनच प्रश्न आधी विचारतील. तारीख काय? माणसं किती?

तारीख तुझ्याकडे आहे. माणसांचा आकडा तुझ्या पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, पोटातला गोळा तिथलाच आहे.

आकडा नसला की समोरचा सांगतो तो आपला होतो. "आठशे धरून चला मॅडम, गावाकडचं लग्न म्हटल्यावर आठशे कुठे गेले नाहीत." तू मान हलवलीस की लॉन्स आठशेचं, ताटं आठशे, खुर्च्या आठशे, पार्किंग त्या हिशेबात. समजा ताटाचा दर तीनशे रुपये आहे. शंभर माणसं जास्त धरली गेली तर एका जेवणातच तीस हजार वाढले, आणि आलीच नाहीत तरी द्यावे लागले, कारण केटरर कमीत कमी ताटांची गॅरंटी लिहून घेतो.

म्हणून प्रदर्शनाच्या आधीचा एक रविवार गावी जा. आई, बाबा, काका, आजी असल्या तर त्या, सगळ्यांना बसव आणि वही काढ. पत्रिका किती छापायच्या तिथून सुरुवात कर. मग प्रत्येक नावापुढे लिही की आवतन एकाचं, जोडप्याचं की चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराचं. एकाच पत्रिकेवर एक माणूसही येतं आणि अख्खं सहा जणांचं घरही येतं, हे स्टॉलवर बसलेल्या शहरातल्या मुलाला ठाऊक नसतं, पण तुझ्या आजीला तोंडपाठ असतं. कोणत्या भाऊबंदाकडे चूलबंद दिलंच पाहिजे आणि कुठे दोन माणसं आली तरी मान राहतो, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं. तिकडच्यांनाही त्यांचा आकडा मागा. दोन्ही मिळून जो येईल तो वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि ती वही घेऊन प्रदर्शनाला जा.

आता बाबांचं. "तुझं तू बघ" हे वाक्य तुला परवानगीसारखं वाटलं असेल. मला त्यात दमलेला माणूस ऐकू येतो. डिसेंबरमध्ये द्राक्ष बागायतदाराच्या डोक्यात दुसरं काही मावतच नाही. सकाळी धुकं दिसलं की भुरी आणि डावणी हे वेलीचे रोग, आभाळ भरून आलं की अवकाळी, आणि फवारणीचा खर्च रोज वाढता. पैसा अजून वेलीवर आहे. माल खुडला जाईल, व्यापारी गाडी भरेल, मग पैसे येतील, तेही सांगितलेल्या दिवशीच येतील असं नाही. आणि प्रदर्शनात मात्र प्रत्येक जण जानेवारीतच निम्मी रक्कम मागणार. बाबांना हे तू स्वतःहून विचार: "बाबा, हातात पैसे कधी येतील आणि किती?" त्यांना विचारायला कोणीतरी हवं असतं. ते उत्तरही वहीत लिही. मग स्टॉलवर तू सांगू शकतेस की ठरलं की थोडा इसार, मोठी रक्कम मार्चअखेर, उरलेली कार्याच्या दिवशी. निफाड, दिंडोरी, चांदवडकडची लग्नं करणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही. जो ऐकूनच घेणार नाही, त्याच्या स्टॉलवर पुन्हा फिरकू नकोस.

मी इतकं ठासून का सांगतेय, त्याला कारण आहे. माझ्या भाचीच्या लग्नाचं डेकोरेशन मी अशाच एका प्रदर्शनात ठरवलं. अल्बममध्ये मोगऱ्याच्या माळांचा एक मंडप होता, भाची त्या फोटोवरून हात काढायला तयार नव्हती. मी एकवीस हजार रोख दिले. पावती मागितल्यावर त्यांनी व्हिजिटिंग कार्ड उलटं करून त्यावर निळ्या पेनने लिहिलं: "२१००० मिळाले." तारीख नाही, कसले मिळाले ते नाही, खाली एक गिचमिड सही. लग्नाच्या आदल्या रात्री आले ते कापडी फुलं घेऊन. फोटोतला मंडप त्यांनी केलेलाच नव्हता, दुसऱ्या कोणाच्या कामाचा फोटो होता. भांडायला माझ्या हातात ते कार्ड सोडून काही नव्हतं. भाची बोहल्यावर उभी राहिली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे न बघता त्या माळांकडे बघत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा पावती म्हणजे छापील पावती. वर फर्मचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक असेल तर तो. आजची तारीख, कार्याची तारीख, काय-काय देणार त्याची ओळीने नोंद, एकूण रक्कम, इसार, बाकी कधी. जीएसटी धरून की वगळून, ते तिथेच लिहून घे. "खरी फुलं" म्हणाले तर "खरी फुलं" हे शब्द पावतीवर यायला हवेत. पैसे शक्यतो यूपीआयने, फर्मच्या खात्यावर. आणि एक प्रश्न लग्नघरात कोणाच्या तोंडून निघत नाही, तो तू विचार: घरात सुतक आलं आणि तारीख पुढे ढकलावी लागली तर इसाराचं काय? अशुभ बोलू नये म्हणून आपण गप्प बसतो आणि नेमकं तिथेच पैसे बुडतात. नवीन तारखेला तोच इसार धरू, असं लेखी देणारे पुष्कळ जण आहेत.

कुंभमेळ्याच्या भीतीबद्दल. सिंहस्थाच्या पर्वण्या, म्हणजे मोठ्या स्नानांचे दिवस, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, तुझं लग्न एप्रिलअखेर. त्या तारखांचा आणि या तारखेचा संबंध जोडून कोणी घाई करत असेल तर ऐकून घे आणि पुढे चल. सिंहस्थात लग्न करावं की नाही याबद्दल घराघरात मत वेगळं असतं, ते गुरुजी आणि दोन्हीकडची मोठी माणसं बघतील. एप्रिल-मेच्या दाट तिथींना चांगली लॉन्स लवकर जातात हे मात्र खरं. म्हणून लॉन्सची पाहणी प्रदर्शनाची वाट न बघता आत्ताच सुरू करा.

लॉन्स फोटोवरून कधीच ठरवू नका. फोटो रात्रीचे असतात, दिव्यांच्या माळा लावलेले. तुझा मुहूर्त एप्रिलच्या दुपारचा असेल तर डोक्यावर ऊन असताना, त्याच वेळी तिथे जाऊन उभी राहा. सावली कुठपर्यंत येते, म्हाताऱ्या माणसांनी बसायचं कुठे, पाण्याची सोय कशी. अवकाळी आला तर आत घ्यायला हॉल आहे का, की नुसतं "काही होत नाही हो" एवढंच? तुम्ही द्राक्षवाले, अवकाळीचं तुम्हाला कोणी शिकवायला नको. जनरेटरचं डिझेल कोणाकडे, वीज वेगळी मोजणार का, साफसफाईचे पैसे वेगळे का, बाहेरचा आचारी किंवा डेकोरेटर आणला तर लॉन्सवाला त्यावर पैसे घेतो का. आदल्या संध्याकाळी हळद तिथेच असेल तर ताबा कितीला मिळणार, आणि रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो हे तुमच्याकडच्या पोरांना आधीच सांगून ठेवा. गावाहून वऱ्हाड टेम्पोने येणार असेल तर वळायला जागा आहे का, जवळपास रस्त्याचं काम चालू आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

जेवणाबद्दल थोडंच सांगते. प्रदर्शनात वाटीभर चव देतात, ती छानच लागते, पाच जणांसाठी केलेली असते. त्या केटररचं एखादं चालू कार्य बघायला मिळेल का विचार, शेवटच्या पंगतीला जाऊन बघ. आणि घरात हेही बोला की किराणा आपला आणि आचारी त्यांचा, ही आपली जुनी पद्धत तुम्हाला परवडते का. राबायला माणसं असतील तर अजूनही परवडते. नसतील तर आईला त्या दिवशी भटारखान्यात अडकवू नका.

पैठणीवर मात्र मला सविस्तर बोलायचंय. प्रदर्शनात "येवला पैठणी" अशा पाट्या जागोजागी दिसतील. तुझ्या तालुक्यापासून येवला तासाभराच्या वाटेवर. ज्या साडीचा माग तुझ्या घरापासून इतका जवळ आहे ती साडी तू डोमच्या पांढऱ्या उजेडात का घ्यावीस? तरी स्टॉलवर बघच, कारण हात बसायला हवा. पदर हातात घे आणि उलटा कर. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर एकेका रंगाचा धागा गुंतवून विणलेला असतो, त्यामुळे मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात, कापल्याच्या खुणा असतात किंवा जाळी लावून झाकलेलं असतं. तर्जनी फिरव, खरखर लागेल. यंत्रावरची साडी घेण्यात कमीपणा काहीच नाही, करवल्यांना तीच घ्या. तिला हातमागाची किंमत मोजू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि सिल्क मार्कचं लेबल दाखवून कोणी "बघा, सरकारी शिक्का" म्हणालं तर लक्षात ठेव, ते लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं. साडी हातमागावरची आहे हे सांगणारा हँडलूम मार्क वेगळा.

हातमागाची हवी असेल तर आत्ताच निघायला हवं, भरलेल्या पदराची साडी विणायला कित्येक आठवडे जातात, नक्षी दाट असेल तर महिने. बस्त्याला दोन्ही घरची माणसं लागतातच. मग नणंदबाईंना आणि सासूबाईंना घेऊन एक दिवस येवल्यालाच जा. मागावर बसलेल्या माणसाच्या बोटांखाली मोराची मान कशी हळूहळू वर येते ते एकदा डोळ्यांनी बघा. साडी नेसताना ते आठवेल.

सोन्याच्या स्टॉलवर "घडणावळ माफ" दिसली तर आधी त्या दिवसाचा बाजारभाव फोनवर बघ आणि त्यांनी लावलेला भाव विचार. माफ केलेली घडणावळ कित्येकदा भावात बसवलेली असते. खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असायलाच हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिना किती शुद्धतेचा म्हणून नोंदलाय ते तिथल्या तिथे दिसतं. बावीस कॅरेट असेल तर ९१६ दिसेल. खूण बारीक असते, दुकानात भिंग मागायला लाजू नकोस. रुखवताची तांब्या-पितळेची भांडी प्रदर्शनात घेऊच नका. भांडीबाजार आपल्या नाशिकमध्येच आहे, वजनावर घ्या.

प्रवेशाच्या टेबलावर नाव, मोबाइल आणि लग्नाची तारीख लिहून घेतील, लकी ड्रॉ म्हणून. तो कागद पुढे बऱ्याच जणांच्या हातात जातो आणि मग कंपनीत काम करताना दिवसाला दहा-पंधरा फोन येतात. घरात एखादा जास्तीचा नंबर असेल तर तो दे, नाहीतर रकाना रिकामा ठेव.

मेंदीच्या स्टॉलवर पाच मिनिटांत काळीभोर होणारा कोन कोणी लावायला आलं तर हात मागे घे. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी असतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. झटपट काळ्या मेंदीत केस रंगवायचं रसायन असतं, त्याने हातावर फोड आलेल्या मुली मी पाहिल्यात. हातावरच्या त्या नक्षीचे डाग वर्षभर गेले नव्हते.

आता ते पाच हजार. तू चोरी केलेली नाहीस. स्वतःच्या पगारातले पैसे स्वतःच्या लग्नाला दिलेस. पण लपवलेस म्हणून ते जड झालेत. त्या मेकअपवाल्या बाईंना व्हॉट्सॲपवर नीट मजकूर पाठव, म्हणजे लेखी राहील: कार्याची तारीख, पाच हजार मिळाल्याची नोंद, पॅकेजमध्ये काय-काय आहे, ट्रायल कधी. ट्रायल दुपारची माग आणि झाल्यावर उन्हात जाऊन आरशात बघ. स्टॉलच्या दिव्यांत सगळ्यांचेच चेहरे उजळ दिसतात. तुझ्या त्वचेला काही चालत नसेल तर आधी कानामागे लावून दोन दिवस थांब. ट्रायल आवडली तर प्रश्नच मिटला. नाही आवडली तर पैसे परत माग, पण त्यांनी तुझ्यासाठी तारीख धरून ठेवली असेल तर काही रक्कम कापण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. ठरलेलं काही दिलंच नाही आणि पैसेही देत नाहीत असं झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. ग्राहक आयोगाकडेही तू जिथे राहतेस तिथेच तक्रार करता येते.

नणंदबाईंवर राग धरू नकोस. त्यांच्या भावाचं लग्न आहे, त्यांनाही हौस आहे, आणि तुझ्याबरोबर एकटीने फिरायची ही त्यांची पहिलीच वेळ असेल. त्यांना आधीच फोन करून सांग: "ताई, आपण दोघी जाऊ, सगळं बघू, आवडलेल्या तीन-तीन जणांची कार्डं घेऊ. ठरवताना दोन्हीकडची मोठी माणसं बसवू, खर्च निम्मा आहे ना." हे तिथे स्टॉलवर, विकणाऱ्यासमोर सांगायची वेळ आणू नकोस. चारचौघांत दिलेला नकार नव्या नात्यात फार दिवस खुपतो. आणि "आजच्या आज" वाली सूट कोणी पुढे केली तर म्हण, "रविवारी घरी बोलून सोमवारी फोन करते, तेव्हा हाच दर ठेवाल का?" ज्यांना काम हवं असतं ते ठेवतात. सोमवारी फोन मात्र खरंच कर, नाही म्हणायचं असेल तरीही. ती माणसंही पोटासाठी दोन दिवस उभी असतात.

जमलं तर दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन पुन्हा एक चक्कर मार. दुपारी, गर्दी नसताना. ते डेकोरेशनकडे बघणार नाहीत. जनरेटर किती केव्हीएचा ते विचारतील, मांडवाचे खांब हलवून बघतील, कोणीतरी ओळखीचं निघेल, त्याच्याशी मालाच्या भावाबद्दल बोलत बसतील. बसू दे. तुझ्या वहीतले निम्मे प्रश्न तेवढ्यात सुटलेले असतील.

पण त्याआधी गावी जाशील तेव्हा, संध्याकाळी फवारणी आटोपून ते हातपाय धुऊन ओट्यावर बसले की चहा तू घेऊन जा. वही नंतर उघड. आधी पाच हजारांचं सांग.